अकरावा चिमटा

"मास्तर, तुमचं यंत्र पुन्हा रुसलंय," फोनवरून ग्रंथपाल म्हणाले.

"बिघडलंय म्हणा."

"नाही हो. बिघडलेलं यंत्र काहीतरी बरळतं, लाल अक्षरं दाखवतं, टुकटुक करतं. हे तोंड फिरवून बसलंय. मला घरचा तीस वर्षांचा अनुभव आहे, रुसवा मला लांबूनही कळतो. इथं चौदा माणसं पुस्तकं छातीशी धरून उभी आहेत. त्यातल्या एका आजींच्या हातात रहस्यकथा आहे. त्यांनी उभ्या उभ्या शेवटचं पान वाचून काढलं, आणि आता म्हणतात, पुस्तक नको."

"नेहमीचा उपाय केलात?"

"आधी तुम्हाला कळवायचं ठरलंय ना, म्हणून थांबलो होतो. आता करतो." ग्रंथपालांचा उपाय त्यांनी स्वतःच शोधून काढलेला होता. मागच्या खोलीत त्याच यंत्राचा दुसरा पडदा होता. तिथं जाऊन ते यंत्राला काहीतरी बिनकामाचं विचारत, म्हणजे वाचनालयाच्या जुन्या अहवालाची पानं किती, वगैरे. तेवढं विचारलं की यंत्र माणसात येई आणि काउंटरवर अडकलेली सगळी पुस्तकं एका दमात सुटत. दर आठ-दहा दिवसांनी हा प्रकार होई. गेली दोन वर्षं होत होता.

मास्तरांनी फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. त्यांनी आयुष्यात कुणाला पाढासुद्धा शिकवला नव्हता. मास्तर हे नाव कचेरीत पडलं होतं, तेही अर्धंच. पूर्ण नाव होतं रिंगमास्तर. बावीस वर्षं त्या कंपनीत ते एकच रिंग सांभाळत होते, आणि त्या रिंगणात ना वाघ होता ना सिंह. नाव मात्र घरापर्यंत पोचलं. शेजारपाजारचे लोक परीक्षा जवळ आल्या की आपली मुलं घेऊन दाराशी यायचे, आणि मास्तरांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. ती बस स्थानकावर घोषणा करायची.

मास्तरांचं काम नातेवाइकांना समजावून सांगण्याचे प्रयत्न लग्नाच्या पहिल्या वर्षातच सोडून देण्यात आले होते. तरी थोडक्यात सांगायचं तर असं. एका दणकट खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात दहा-वीस खोटे कॉम्प्युटर बिऱ्हाड करून राहतात. प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच. वाचनालयाचा कॉम्प्युटर हा असाच एक भाडेकरू. पण या भाडेकरूंना हात नसतात. काही लिहून ठेवायचं, काही काढून आणायचं, तर घरमालकाला सांगावं लागतं. आणि दर वेळी हाक मारली, तर घरमालकाला हातातलं सगळं टाकून, चपला घालून, जिना चढून यावं लागतं. कामापेक्षा जिनाच जास्त होतो.

म्हणून दोघांच्या मधे एक फिरती मांडणी ठेवलेली असते. तिला गोलाकार मांडलेले खण असतात आणि ती दोघांनाही दिसते. भाडेकरू एकेका खणात चिठ्ठी ठेवत पुढे सरकतो, घरमालक मागून एकेक उचलत येतो, काम करतो, उत्तर तिथंच ठेवतो. शेवटचा खण झाला की पुन्हा पहिला. घरमालक चिठ्ठ्या उचलतोच आहे तोवर घंटा वाजवायची गरज नाही. मांडणी रिकामी झाली की तो 'आता घंटा वाजवा' अशी पाटी लावून डुलकी काढतो. ही मांडणी म्हणजे मास्तरांची रिंग. तिच्यातला शब्द न् शब्द त्यांचा होता आणि पोटच्या पोरीइतका तिचा त्यांना अभिमान होता.

या अभिमानापायीच मास्तरांनी ती घरात आणली.

नऊ वर्षांपूर्वी मास्तरीणबाईंचा आवाज बसला. दिवसभर गाड्यांचे नंबर पुकारून घशाची पार वाट लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने अवाक्षर बोलायचं नाही. मास्तरांना त्या दिवशी जो उत्साह आला तो लग्नातही आला नव्हता. त्यांनी लहान कपडे वाळत घालायचं छत्रीसारखं गोल हँगर आणलं. सोळा चिमट्यांचं. स्वयंपाकघर आणि बाल्कनी यांच्यामधल्या खिडकीत ते टांगलं, म्हणजे दोन्हीकडून हात पोचेल. आकड्याला लेकीच्या लहानपणीच्या सायकलची घंटा बांधली. मग नियम केले. चिठ्ठीच्या वरच्या अर्ध्या भागात बायको प्रश्न लिहिणार, खालच्या अर्ध्यात मास्तर उत्तर. चिमटे क्रमाने वापरायचे. जुन्या चिठ्ठ्या काढायच्या नाहीत. फेरी पूर्ण होऊन तो चिमटा परत आला की मगच जुनी काढून नवी लावायची. कुठवर लिहिलंय ते कळायला एक लाल कापडाची चिंधी, ती बायकोनं सरकवायची. कुठवर वाचलंय त्याची निळी, ती मास्तरांनी. लाल-निळी एकाच चिमट्यावर असल्या तर नवीन काही नाही.

"आणि घंटा?" तिनं पाटीवर लिहून विचारलं होतं.

"घंटा मी इथं नसेन तरच. माझा चष्मा टेबलावर असला की समजायचं, मी जवळपास आहे, मला दिसेलच. चष्मा नसेल तर वाजव."

तीन महिन्यांनी आवाज परत आला. हँगर गेलं नाही. दोघांच्याही लक्षात आलं होतं की तोंडानं बोलताना जे भांडण हमखास लागतं, ते चिमट्यावर लागत नाही. गॅस, बिलं, लेकीचं लग्न, तिच्या सासरच्यांना काय म्हणायचं, सगळं त्या हँगरवरून पार पडलं. तोंडी राहिलं ते 'निघाले', 'बरं', 'आलात?' एवढंच. मास्तरांकडून मात्र या नऊ वर्षांत स्वतःहून एकही चिठ्ठी लागली नाही. त्यांना विचारण्यासारखं काही नसायचं आणि सांगण्यासारखं तर त्याहून नसायचं.

तर आता मंगळवारची गोष्ट. त्या सकाळी मास्तरांनी हँगर पाहिलं. लाल-निळी दोन्ही दहाव्या चिमट्यावर. नवीन काही नाही. ते दुसरा मोजा शोधायला आतल्या खोलीत गेले. चष्मा टेबलावर राहिला. तेवढ्यात मास्तरीणबाई बाल्कनीत आली, अकराव्या चिमट्याला चिठ्ठी लावली, लाल चिंधी एक घर पुढे सरकवली आणि खिडकीतून आत डोकावली. चष्मा दिसला. तिचा हात घंटेकडे गेला होता, तो तिनं मागे घेतला आणि ती कामावर गेली. मास्तर मोजा घालून आले. हँगर आत्ताच तर बघितलं होतं. त्यांनी चष्मा उचलला, खिशात टाकला आणि तेही गेले.

चिठ्ठीत काय होतं ते आपण वाचायला हरकत नाही, कारण ज्यांनी वाचायचं त्यांनी पाच दिवस वाचलं नाही. ती म्हणत होती: 'सहा महिने झाले, मी पोहायला शिकतेय. शिवणाच्या क्लासला जाते म्हणून सांगितलं ते खोटं. रविवारी सकाळी आठला तलावावर शर्यत आहे, पन्नाशीपुढच्या बायकांची. पूर्ण करेन की नाही माहीत नाही. तुम्ही याल का? कुणाला सांगू नका.'

एवढ्या पाच-सहा ओळी लिहायला तिला तीन आठवडे लागले होते.

बुधवारी उत्तर नव्हतं. मास्तरीणबाईनं समजून घेतलं, विचार करत असतील. गुरुवारी नव्हतं, तेव्हा तिला जे समजायचं ते समजलं. या वयात, या अंगाला, तसले कपडे घालून बायकोनं चारचौघांत पाण्यात उतरायचं, हे त्यांना रुचलं नसणार. तोंडानं विचारावं तर काय विचारणार? लिहून विचारलेल्याला जो माणूस उत्तर देत नाही त्याला परत विचारणं म्हणजे हात पसरणं झालं. आणि एका चिठ्ठीचं उत्तर आल्याशिवाय दुसरी कशी लावायची? तिनं हँगरकडे जाणंच सोडलं.

इकडे मास्तर वेगळ्याच गावात होते. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की घंटा वाजत नाही, चिठ्ठी येत नाही, बायको गप्प आहे. म्हणजे रुसलीय. मग त्यांनीही ठरवलं, घंटा वाजल्याशिवाय हँगरकडे ढुंकून बघायचं नाही. उगाच लोचटासारखं बघायला जायचं, तिनं ते पाहायचं, आणि नवीन काही नसायचं? नकोच ते. ज्या माणसानं नियम केले त्यानं तरी ते पाळावेत. हँगरवर सोळाच्या सोळा चिमट्यांना जुन्या चिठ्ठ्या लटकत असल्यामुळे लांबून पाहणाऱ्याला त्यात एक नवी आहे हे कळायचा प्रश्नच नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी मास्तरांनी लेकीला फोन लावला.

"तुझी आई का रुसलीय?"

"तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"मग त्यावरूनच असेल," लेक म्हणाली. मग ती मोजायलाच बसली. बाबांनी आईच्या मावसबहिणीला नाव विसरून 'त्या ह्या' म्हटलं होतं. गीझर दोन महिने टपटपतोय. आईनं केस कापले ते कळायला बाबांना नऊ दिवस लागले. आई बोलत असताना बाबा 'हं' म्हणतात, आणि तो 'हं' कुठल्याही वाक्याला चालतो. असं करत करत ती अकरापर्यंत गेली. मास्तरांनी सगळी कारणं कागदावर उतरवून घेतली. शुक्रवारी पहाटेच उठून त्यांनी गीझर दुरुस्त केला आणि कचेरीतून आल्यावर रात्रीपर्यंत वाट पाहिली. घंटा वाजली नाही. त्यांनी यादीतल्या त्या ओळीवर काट मारली.

कचेरीतही शुक्रवार काही बरा नव्हता. विभागप्रमुख मॅडमनी बोलावून घेतलं. मॅडम मास्तरांच्या लेकीपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या होत्या आणि मास्तरांशी फार अदबीनं बोलायच्या. त्यामुळेच मास्तर दारातच उभे राहायचे.

"वाचनालयाचं काही कळलं का?"

"शोधतोय."

"दोन वर्षं शोधताय. मला तुम्हाला दुखवायचं नाही मास्तर, पण आता बाहेरची तयार रिंग मिळते. सोमवारपर्यंत बघा. नाहीतर तुमची काढून ती बसवू. तुम्ही मग माहितीपुस्तिका लिहा, निवांत."

"गमतीची गोष्ट आहे," मास्तर म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी हीच रिंग सगळ्यांत वेगवान म्हणून तुम्ही मला घड्याळ दिलं होतं."

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "कुठं आहे ते?"

"स्वयंपाकघरात."

शनिवारी मास्तर रिंगेचा सगळा मजकूर छापून घरी घेऊन आले. रविवारी सकाळी सव्वासहालाच ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून बसले. पावणेसातला मास्तरीणबाई बाहेर जायला निघाली. खांद्याला पिशवी होती. दारात ती थांबली. पिशवीचा पट्टा उगाच वरखाली करत राहिली.

"निघाले."

"बरं."

ती अजून थांबली. मास्तरांनी कागदावरून मान वर केली नाही. त्यांना वाटलं, ही आता माघार घेतेय, घेऊ दे. जरा वेळानं ती म्हणाली, "चहा झाकून ठेवलाय," आणि गेली.

आठला दहा कमी असताना ग्रंथपालांचा फोन आला. रविवारी वाचनालय लवकर उघडायचं.

"रुसलं."

"उपाय करू नका. एक मिनिट थांबा," मास्तर म्हणाले. "मला सांगा, रुसायच्या आधी काय चाललं होतं? अगदी नेमकं सांगा."

"काही नाही चाललं होतं. तेच तर सांगतोय. सकाळची गर्दी संपली. शेवटच्या गृहस्थांचं पुस्तक नोंदवलं. पुढे कुणी नव्हतं. तेव्हा मी जरा खुर्चीत मागे टेकलो."

"आणि?"

"आणि तेवढ्यात एक बाई आल्या. पुस्तक काउंटरवर ठेवून उभ्या राहिल्या बिचाऱ्या, पाच मिनिटं. मी आपला टेकलेलाच. मग मी त्यांना म्हटलं, अहो, हाक मारायची ना! तर म्हणाल्या, तुमचे डोळे उघडे होते, मला वाटलं तुम्ही बघितलंय. तुम्ही हसाल मास्तर, पण डोळे उघडे ठेवून डुलकी घेता येते मला. तर त्यांचं पुस्तक नोंदवायला घेतलं, आणि यंत्र गप्प. मी म्हटलं, वा, तुलाही टेकायचंय का!"

मास्तर हसले नाहीत. फोन कानाशी तसाच धरून ते टेबलावरचा सदतिसावा कागद शोधू लागले.

"मास्तर? आहात ना?"

"आहे. तुमचे डोळे उघडे होते."

"हो."

"म्हणून तिनं हाक मारली नाही."

"तेच म्हणतोय मी."

"करा तुमचा उपाय," मास्तर म्हणाले आणि फोन ठेवला.

सदतिसाव्या कागदावर घरमालकाचं झोपणं होतं. मांडणीत काही आहे का बघ. नसेल तर 'घंटा वाजवा' पाटी लाव. झोप. मास्तरांनी बोट ठेवून ओळी वाचल्या. बघणं आणि पाटी लावणं यांच्यामधे पापणी लवायच्या लाखाव्या भागाएवढी फट होती. तेवढ्यात भाडेकरूनं चिठ्ठी ठेवली, तर त्याला पाटी दिसणार नाही. तो समजणार, मालक जागा आहे. घंटा वाजवणार नाही. मालक पाटी लावून झोपणार आणि घंटेची वाट बघणार. भाडेकरू उत्तराची वाट बघणार. दोघेही आपापल्या परीनं अगदी बरोबर आणि दोघेही जन्मभर बसून राहणार, मागच्या खोलीतून कुणीतरी तिसराच येऊन घंटा वाजवेपर्यंत.

यावर तोड काय, हे मास्तरांना शिकवायची गरज नव्हती. पाटी लावून झाल्यावर, झोपायच्या आधी, पुन्हा एकदा बघायचं. एवढंच. आणि ही ओळ तिथं वीस वर्षं होती. दोन वर्षांपूर्वी वेग वाढवायची मोहीम निघाली तेव्हा मास्तरांनीच ती खोडली होती. एकदा बघितलंय ना, परत काय बघायचं, असं म्हणून. त्याबद्दलच तर घड्याळ मिळालं होतं.

मास्तर खुर्चीवरून उठले ते जवळजवळ उडालेच. बावीस वर्षांत त्यांना इतका आनंद झाला नव्हता. ते स्वयंपाकघरात इकडून तिकडे फिरले, झाकलेला गार चहा एका घोटात प्यायले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की हे सांगायला घरात कुणी नाही. सांगायचं तर होतंच, आणि तिलाच सांगायचं होतं. रुसवा गेला खड्ड्यात. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःसाठी एक कोरी चिठ्ठी घेतली, वरच्या अर्ध्या भागात मोठ्या अक्षरांत 'सापडलं' असं लिहिलं आणि ती लावायला ते खिडकीशी गेले.

निळी चिंधी दहाव्या चिमट्यावर होती. लाल अकराव्यावर.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. त्यांनी अकराव्या चिमट्याची चिठ्ठी वाचली. मग वरची तारीख वाचली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वेगाबद्दल मिळालेलं ते घड्याळ आठ वाजून बारा मिनिटं दाखवत होतं.

तलाव घरापासून चालत पंचवीस मिनिटांवर. मास्तर चालले नाहीत. गेल्या कित्येक वर्षांत ते बससाठीही पळाले नव्हते, ज्यांची बायको बसच्या वेळा तोंडपाठ सांगते त्यांना पळायची वेळ येत नाही. घरातल्या सपाता घालून, एका हातात 'सापडलं'ची चिठ्ठी तशीच धरून ते भर रस्त्यातून पळत सुटले. शेजारच्या बाईंनी त्यांना गॅलरीतून हाक मारली, "मास्तर, काय झालं?" ते म्हणाले, "शर्यत आहे!" त्यांच्याकडे बघून त्या बाईंचा तसा विश्वासच बसला असावा, कारण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तलावाच्या दारावरच्या माणसानं त्यांना अडवलं. "सपाता काढा. आत चालत नाहीत."

"शर्यत?"

"कुठली?"

"बायकांची. पन्नाशीपुढच्या."

"ती केव्हाच झाली. आता पोरांची आहे, साडेनऊला. सपाता काढा आधी."

मास्तर अनवाणी आत गेले. ओल्या फरशीवर दोन माणसं पाण्यातल्या दोऱ्या ओढून गुंडाळत होती. पायऱ्यांवर तुरळक माणसं पांगलेली. सगळ्यांत खालच्या बाकावर मास्तरीणबाई बसली होती, खांद्यावर टॉवेल, मांडीवर निळी रबरी टोपी, केस चप्प ओले. शेजारच्या जागेवर तिनं पिशवी ठेवली होती, गर्दीत कुणासाठी तरी जागा धरावी तशी. आता गर्दी नव्हती, तरी पिशवी तिथंच होती.

"आलात?" ती म्हणाली.

मास्तरांना दम लागला होता. "चिठ्ठी आत्ता वाचली. आत्ता, आठ बारा."

"चष्मा टेबलावर होता. मंगळवारी."

"मी आत होतो. मोजा शोधत होतो."

"मोजा," ती म्हणाली.

"दुसरा."

तिनं पिशवी उचलून खाली ठेवली. मास्तर बसले. दोघंही दोरी गुंडाळणाऱ्या माणसांकडे बघत बसले.

"मला वाटलं, तुम्हाला लाज वाटली," ती म्हणाली. "पाच दिवस तेच वाटत होतं."

"आणि मला वाटलं, तू रुसलीस. मी गीझर दुरुस्त केला."

"तो कशाला?"

"लेकीनं अकरा कारणं दिली होती. त्यात गीझर सोपा होता."

मास्तरीणबाईला हसू आलं. ते आवरेना. तिनं टॉवेलात तोंड घातलं आणि खांदे हलेपर्यंत हसली. तोंड बाहेर काढलं तेव्हा डोळे लाल होते, पण ते तलावातल्या औषधामुळेही असतील.

"कितवी आलीस?"

"शेवटची."

"किती होत्या?"

"नऊ. पण मधे थांबले नाही. अर्ध्यावर वाटलं, दोरी धरावी. नाही धरली. सगळ्या जणी बाहेर निघून अंग पुसत होत्या, मी आपली येतेय, येतेय. भिंतीला हात लागला तेव्हा आधी वर बघितलं." तिनं हनुवटीनं पायऱ्यांकडे दाखवलं. "मग म्हटलं, असू दे."

कचेरीतल्या रिंगेची एक बरी गोष्ट होती. चिठ्ठी अडकली तरी ती तिथंच थांबते, आणि उशिरा का होईना, घंटा वाजली की काम पुरं होतं. वाचनालयातल्या आजींना पुस्तक मिळतं, फक्त जरा उशीर होतो. ही चिठ्ठी तशी नव्हती. तिचं काम आठ वाजता होतं आणि आठ वाजून गेले होते. आपण काय गमावलं ते मास्तरांना नीट कळत होतं, आणि त्यावर लिहायला त्यांच्याकडे एकही ओळ नव्हती.

"मी घंटा वाजवायला हवी होती," ती म्हणाली.

"नाही. मी निघताना परत एकदा बघायला हवं होतं. पूर्वी बघायचो."

"हो," ती म्हणाली. "पूर्वी बघायचात." मग तिचं लक्ष त्यांच्या मुठीकडे गेलं. "हे काय आणलंत?"

घामानं भिजलेली चिठ्ठी मास्तरांनी उलगडली. 'सापडलं'ची शाई पसरली होती. त्यांनी ती परत मिटून खिशात टाकली. "कचेरीतलं आहे," ते म्हणाले. "घरी गेल्यावर सांगतो."

सोमवारी मास्तरांनी ती ओळ होती तिथं परत लिहिली. मॅडम पडद्याजवळ वाकून बघत होत्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे आधी का नव्हतं?"

"होतं. मी काढलं होतं." मास्तरांनी विचारलं, "घड्याळ परत करायचं का?"

"राहू दे हो," मॅडम म्हणाल्या आणि बाहेरच्या रिंगेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. वाचनालयातलं यंत्र त्यानंतर रुसलं नाही. महिन्याभरानं ग्रंथपालांनी आपणहून फोन केला आणि सांगितलं की सगळं छान चाललंय, फक्त मागच्या खोलीत जायला काही निमित्त उरलं नाही, त्यामुळे जरा चुकल्याचुकल्यासारखं होतं.

पुढच्या रविवारी मास्तर तलावावर जाऊन पायरीवर बसले. त्यानंतरच्या रविवारीही बसले. मास्तरीणबाई आली, पोहली, घरी गेली. छान पोहायची. पण ते रोजचं पोहणं होतं, शर्यत नव्हती.

शर्यतीच्या त्या रविवारीच दुपारी मास्तरांनी अकराव्या चिमट्याच्या चिठ्ठीवर, खालच्या अर्ध्या भागात, उत्तर लिहिलं होतं. उशिरा का होईना, उत्तर द्यायचा नियम होता. त्यांनी फक्त 'हो' लिहिलं आणि निळी चिंधी एक घर पुढे सरकवली. लाल-निळी पुन्हा एकत्र आल्या. दुसऱ्या दिवशी बाराव्या चिमट्याला चिठ्ठी लागली, 'दूधवाल्याला काय सांगायचं?' आणि हँगर नेहमीसारखं फिरू लागलं. तेरा, चौदा, पंधरा, सोळा, पुन्हा पहिला. मास्तर आता चष्मा खिशात टाकून झाल्यावर दारातून मागे वळत आणि खिडकीकडे एकदा बघून मग जात. बाल्कनीत कपडे वाळत घालणारी बायको ते बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

फेरी पुरी होऊन दहावा चिमटा झाला, तेव्हा पुढची चिठ्ठी अकराव्याला लागायला हवी होती. जुनी काढून नवी लावायची, असा नियम होता. एके सकाळी घंटा वाजली. मास्तर खिडकीशी आले. लाल चिंधी बाराव्यावर होती. अकराव्याला जुनीच चिठ्ठी होती, वर तिच्या ओळी आणि खाली त्यांचा 'हो'. मास्तरांना वाटलं, चुकून झालं असेल. पुढच्या फेरीतही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही.

रिंगेतला एक खण असा मधेच गाळला, तर रिंग बिघडते, हे जगात मास्तरांइतकं कुणाला कळत नव्हतं. कचेरीत कुणी असं केलं असतं, तर त्यांनी त्याला धारेवर धरलं असतं. ती चिठ्ठी तिनं आठवण म्हणून ठेवली होती की ठपका म्हणून, हे त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिनं कदाचित सांगितलंही असतं. त्यांनी फक्त आपली मोजणी बदलली. आठ, नऊ, दहा, बारा.